पंधरावा कागद

आधीच सांगून टाकतो, अशा गोष्टी मी वाचतो त्या जेवणानंतरचा टाइमपास म्हणून. विश्वास वगैरे काही नाही. अमावास्येला दारात कुणीतरी टाकलेलं लिंबू पायानं बाजूला सारून दुकान उघडणारा माणूस आहे मी. त्यामुळे दुसऱ्या कुणी हे मला सांगितलं असतं तर मी "बरं, बरं" म्हणून चहा मागवला असता...

आळेफाट्याला माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कुणाचं आत्मचरित्र — सगळं हातातून जातं. बावीस वर्षांत एक विद्या आपोआप अंगी आली. कुणाचंही अक्षर मी एकदा टाइप केलं की विसरत नाही. माणसाचं नाव विसरेन, अक्षर नाही. बायको म्हणते, उलटं असतं तर निदान लग्नकार्यात चारचौघांत लाज तरी गेली नसती.

जुन्नर-आंबेगावातल्या लिहिणाऱ्या मंडळींचं आमचं एक छोटं मंडळ आहे. चौदा-पंधरा जण. शेतकरी, शिक्षक, एक कंडक्टर, एक नर्सताई. महिन्यातून एकदा कुठल्या तरी गावात जमायचं, एकमेकांचं ऐकायचं आणि थोडं जास्तच कौतुक करायचं. वर्षातून दोनदा कार्यशाळा. तिथं विषय दिला जातो आणि वीस मिनिटांत जागेवर बसून लिहायचं असतं. मध्यंतरी एक-दोघं घरून तयार लेख आणून "आत्ताच सुचलं हो" म्हणून वाचू लागले. मला असल्या गोष्टी खपत नाहीत. तेव्हापासून कोरे कागद मीच नेतो, आणि वाटायच्या आधी सगळ्यांसमोर प्रत्येकावर दुकानाचा शिक्का, त्या दिवसाची तारीख आणि नंबर टाकतो. "राव, तलाठी ऑफिस उघडलंय का?" असं कंडक्टर म्हणाला होता. म्हणू दे. नियम टिकला.

त्या नियमाला अपवाद एकच होता. डिंगोऱ्याचे बबनअण्णा.

अण्णा सातवी शिकलेले, शेती करणारे, आणि आमच्यात सगळ्यांत चांगलं लिहिणारे. हे मी त्यांच्या माघारी म्हणतोय असं नाही, समोरही म्हणायचो. पण कार्यशाळेत त्यांचा पेन हलायचा नाही. शिक्क्याचा कागद घडी करून खिशात ठेवायचे आणि पुढच्या महिन्यात लिहून आणायचे. का हो अण्णा, म्हटलं की ठरलेलं उत्तर — "घरी गेल्याबिगर माझं लिवणं पुरं व्हत न्हाई." आम्ही त्याला अण्णांची घरपोच सेवा म्हणायचो.

त्यांचं अक्षर मी झोपेत ओळखलं असतं. ओळ उजवीकडे जाता जाता वर चढायची. आणि शिरोरेघ! आपण शब्दागणिक रेघ देतो. अण्णांच्या कागदावर अख्ख्या ओळीवर एकच रेघ, डावीकडून उजवीकडे एका दमात ओढलेली, पट्टी लावल्यासारखी सरळ. सगळं मंडळ त्या रेघेची तारीफ करायचं. अण्णा नुसते हसायचे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर अण्णा गेले. छातीत दुखलं आणि ओतूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ संपला. पुढच्या महिन्याची बैठक आम्ही त्यांच्याच ओट्यावर घेतली आणि त्यांचंच लिखाण वाचलं. अण्णांच्या पत्नी, हौसाकाकी, दाराच्या आत बसून ऐकत होत्या. काकी मूळच्या माळशेजकडच्या मढच्या, शाळा कधी पाहिली नाही. चहा देताना त्या माझ्यापाशी थांबल्या.

"भाऊ, ह्यांचं समदं लिवलेलं तुमीच छापता ना?"

"हो काकी. सगळं माझ्याकडे आहे."

"मग एक सांगा. त्यात मी हाये का कुठं?"

माझ्या शेजारी मनीषाताई बसल्या होत्या, आमच्या मंडळातल्या शिक्षिका. त्यांनी मान खाली घातली. मी "बघून सांगतो" म्हणालो.

काकी हसल्या. "लई वर्सं इचारत व्हते त्यांना. म्हणायचे, लिवतो, लिवतो. बिबट्यावर तीनदा लिवलं म्हणं. मी काय बिबट्यापरीस कमी हाये व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण परत येताना गाडीवर मला काही बरं वाटलं नाही.

दुकानात येऊन अण्णांची फाइल उघडली. एकतीस लेख. विहीर होती, बैल होते, माळशेजचं धुकं होतं, बिबट्या तर होताच. 'बायको' हा शब्द दोनदा सापडला. एकदा शेजाऱ्याची, एकदा सरपंचाची. मी शहाणासुरता माणूस, पण काकींना फोन करून "नाही" म्हणायला माझी जीभ रेटेना. "अजून बघतोय," असं सांगितलं. मग त्या आठ-पंधरा दिवसांनी फोन करायच्या आणि मी दर वेळी तेच सांगायचो. शेवटी शेवटी त्यांचं नाव स्क्रीनवर आलं की मी फोन उलटा ठेवायचो.

आता मुख्य गोष्ट.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत कार्यशाळा होती. आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत. रविवार, सकाळी अकराची वेळ, बाहेर लख्ख ऊन. मुद्दाम सांगतोय, कारण असल्या अनुभवांत नेहमी अंधार असतो, आणि इथं तसलं काही नव्हतं. आम्ही चौदा जण होतो. मी शिक्के मारले आणि सवयीनं पंधरा कागद मोजले. अण्णा गेल्याचं डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. पंधरावा कागद कोरा उरला तेव्हा लक्षात आलं. तो मी टेबलावर फाइलखाली सारला. विषय मनीषाताईंनी दिला — पहिला घास. वीस मिनिटं सगळे खाली मान घालून लिहीत होते. मधे एका गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून मी पाच-सात मिनिटं व्हरांड्यात गेलो. आलो, वाचन झालं, चौदा कागद गोळा केले, फाइलखालचा कागद न बघता त्यांच्यातच घातला. मग मिसळ, घरी.

दुसऱ्या दिवशी दुकानात एकेक कागद टाइप करायला घेतला. माझं टाइपिंग यंत्रासारखं चालतं, डोळे कागदावर, बोटं आपली आपण. चौदा झाले, पुढचा घेतला. तीन ओळी टाइप झाल्या आणि बोटं थांबली. मी अण्णांचा मजकूर टाइप करत होतो.

तेच वळण, तीच वर चढणारी ओळ. वर माझा शिक्का, रविवारची तारीख, नंबर पंधरा. मी उठलो, माठातलं पाणी प्यायलो, परत येऊन बसलो. कागद तसाच होता. खोटं कशाला सांगू, घाबरलो. मग नीट निरखून पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. कागदावर शिरोरेघ नव्हती. एकाही ओळीवर नाही. नुसती उघडी अक्षरं.

म्हणजे नक्कल! करणाऱ्यानं अक्षर हुबेहूब उचललं आणि नेमकी रेघ विसरला. कोण, तेही लगेच ठरवून टाकलं. मनीषाताई. शाळेत सुलेखनाच्या स्पर्धा घेतात, विषय त्यांनीच दिलेला, टेबलाला लागून बसलेल्या, मजकूर काकींवरचा, आणि काकींचा तो प्रश्न त्यांनी ऐकलेला. काकींसाठीच केलं असणार, हेतू चांगलाच. पण मेलेल्या माणसाच्या नावानं? माझं डोकं सटकलं. फोन करून बोलायचं ते बोललो.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सुरेशभाऊ, नऊ वर्षं झाली आपल्या ओळखीला. तुम्ही मला एवढंच ओळखलंत?"

मी तो कागद पुन्हा पुढे ओढला.

"मी लिहिलं असतं तर रेघ विसरले असते का? अण्णांचं म्हटलं की पहिली आठवते ती रेघच. ज्यानं कुणी लिहिलं असेल, ते काकींचं आहे. नेऊन द्या. खरं की खोटं ते त्यांना ठरवू द्या."

हे मात्र मला पटलं. आणि बोललो त्याची लाजही वाटली.

गुरुवारी दुपारी डिंगोऱ्याला गेलो. काकी ओट्यावर लसूण सोलत होत्या. "या पावणं, सापडलं का काय?" असं त्यांनी विचारलं आणि मी ओट्याच्या कडेला टेकलो. मी सगळं खरं सांगितलं. एकतीस लेखांत तुम्ही नाही, मी इतके दिवस नुसता टाळत होतो. आणि हा एक कागद निघालाय, पण तो अण्णांचा नाही, कुणीतरी तुमच्या मायेपोटी लिहिलाय.

"कशावरनं त्यांचा न्हाई?"

"यावर रेघा नाहीत, काकी. अण्णांची रेघ कशी असायची—"

काकींनी हात पदराला पुसले आणि कागद घेतला. उलटा नाही, बरोबर सुलटा धरला. किती तरी वेळ बघत राहिल्या.

"रेघा कशा असतील?" त्या म्हणाल्या. "रेघा मी वढत व्हते."

मला कळेना.

"मला लिवता येत न्हाई. म्हणून हे म्हणायचे, मी अक्षरं काढतो, तू वर छप्पर घाल. लिवून झालं की कागद माज्याफुडं. ह्यांची वळ कायम वर चढायची, मी रेघंनं धरून सरळ करायची. पर कुनाला सांगू देत नव्हते. लोकं हसतील म्हणायचे."

घरी गेल्याबिगर पुरं होत नाही... नऊ वर्षं मी अण्णांच्या ज्या रेघेची तारीफ करत होतो, ती त्यांची नव्हतीच. आणि ही गोष्ट त्या ओट्यावर बसलेल्या बाईशिवाय जगात कुणाला ठाऊक नव्हती. नक्कल करणाऱ्यानं रेघ ओढली असती. कुणीही ओढली असती. नुसती अक्षरं लिहून थांबणारा माणूस एकच होता.

"वाचा की," कागद परत देत काकी म्हणाल्या.

मी वाचलं. फार मोठं नाही, जसंच्या तसं देतो.

'मढची पोर आमच्या घरात आली. तिच्या माहेरी तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी. आमच्यात बाजरी. पहिल्या दिवशी तिनं बाजरीची भाकरी थापली, ती तव्यावर टाकताना फाटली. दुसरी फाटली. आई हसली. बहिणी हसल्या. मी पण हसलो. हसायला नको होतं. ती चुलीकडं तोंड करून बसली. डोळ्यात धूर गेला म्हणाली. फाटकी भाकरी मी खाल्ली, चांगली लागली, ते पण सांगितलं नाही. त्या दिवशी धूर नव्हता.'

काकींच्या पुढ्यात लसूण तसाच पडून होता.

"धूर नव्हता हे त्यांना म्हाईत व्हतं?" त्यांनी मला विचारलं.

"मी कुनाला बोलले न्हाई. माज्या आईला पन न्हाई." त्यांनी डोळे पुसले, आणि मग एकदम चिडल्या. "एवढं तोंडानं सांगितलं असतं तर काय झालं असतं? चाळीस वर्सं एका ताटात जेवलो की!"

मलाही रडू आलं. लपवून काय करू.

थोड्या वेळानं त्यांनी पेन मागितला. परात पालथी घातली, तिच्यावर कागद ठेवला आणि पहिल्या ओळीवर डावीकडून उजवीकडे रेघ ओढली. एका दमात. मग दुसरी, मग तिसरी. शेवटच्या ओळीपाशी थांबल्या, "हीच ना धुराची?" म्हणून विचारलं, आणि तिच्यावरही ओढली. आता तो कागद अण्णांचा दिसत होता.

मनीषाताईंची मी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी माफ केलं, पण लगेच नाही. बाकी मी सगळे तर्क लढवून पाहिले. आधी लिहून ठेवलं असेल म्हणावं तर शिक्का आणि तारीख मीच, चौदा जणांसमोर टाकलेली. मी व्हरांड्यात असताना कुणी टेबलाजवळ गेलं का, हे सगळ्यांना विचारलं. कुणी गेलं नव्हतं. गेलं असतं तरी तो धूर कुणाला माहीत असणार? तुम्हाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी चिडणार नाही. भुतांवर माझा अजूनही विश्वास नाही. अण्णांवर आहे, एवढंच.

तेव्हापासून कार्यशाळेला मी एक कागद जादा नेतो. शिक्का मारून, नंबर टाकून फाइलखाली ठेवतो. दोन वेळा ठेवला, दोन्ही वेळा कोराच परत आला. परवा काकींचा फोन आला तेव्हा हे सांगितलं. त्या हसल्या.

"आता कशाला लिवतील, भाऊ? पुरं झालं की."