चौसष्टनंतर त्र्याहत्तर

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती आणि गोष्टीही लिहे. पण पुस्तक तिचं एकच निघालं. ते एकच काऊन निघालं, हे मले लिहून ठेवायचं आहे. मी चौथी पास, धंद्यानं टेलर. लिहिण्यात चुका होतील. सांभाळून घ्या असं मी म्हणणार नाही. कोणाले माफी मागायची मले सवय नाही, आणि पुढचं सारं त्याच्यानंच झालं.

लग्न झालं तेव्हा ती दहावी झालेली होती. माझा बाप म्हणे, आता शिकून काय कलेक्टर होते का? मी ऐकलं नाही. तिनं बारावी केली, डी.एड. केलं. रोज सकाळी सायकलवर तिले चिखलीच्या स्टँडवर सोडे आणि मंग दुकान उघडे. नोकरी लागली ती डोणगावकडच्या एका खेड्यात. तिथं खोली करून राहे, शनिवारी घरी ये. गावात नवरे बायकोच्या नोकरीवर बसून खातात म्हणत, मी माझी मशीन एक दिवस बंद ठेवली नाही. पण एक सवय लागली. ‘तिले मीच शिकवली’ हे मी लग्नात सांगे, मयतीत सांगे, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालेही सांगे. ती बाजूले उभी असली की पदर नीट करे आणि दुसरीकडं पाहे. मले वाटे, लाजते.

मास्तरकी म्हणजे नुसतं शिकवणं नव्हे. खिचडीचा तांदूळ मोजा, मतदारांच्या याद्या करा, घरोघर फिरून माणसं लिहा, वर साहेब आला की रजिस्टर दाखवा. पुढं बदली होऊन ती आमच्या तालुक्यात आली, मंग तर घरचंही सारं अंगावर. यात ती लिहे केव्हा? मधल्या सुटीत, गाडीची वाट पाहता पाहता, दाळ शिजेपर्यंत. कागद म्हणजे सहामाहीचे तपासून झालेले पेपर. त्यांची मागची बाजू कोरी राहे. माझ्या हाती कधी एखादा पडला तर मी समोरच्या बाजूचं पोराचं उत्तर वाचे. ते मले लवकर समजे. मागचं वाचायले धीर नव्हता.

अशा अकरा गोष्टी झाल्या. पुण्याच्या प्रकाशकांना दोनदा पाठवल्या, जबाबही आला नाही. तिनं ठरवलं, आपणच छापू. चिखलीचा प्रेसवाला लग्नपत्रिका छापणारा माणूस. लग्नसराईत तिचं काम मागं पडे. एकदा तर तपासायले आलेल्या पानावर वरती पत्रिकेचा गणपती छापून आला. ती हसली. म्हणे, ‘राहू द्या, चांगला शकुन आहे.’ पाचशे प्रती रिक्षातून घरी आल्या, तेव्हा मी दुकानातल्या गिऱ्हाइकांना पेढे वाटले. पुस्तक उघडलं नाही, पेढे वाटले.

दर महिन्याले आजूबाजूच्या शाळांचे मास्तर एका जागी जमतात, त्याले शिक्षण परिषद म्हणतात. तिथं तिनं सोबतच्या दहा जणांना दहा प्रती दिल्या. तिसऱ्या दिवशी मी चहाच्या टपरीवर गेलो, तर एका मास्तराचा भाऊ पुस्तक घेऊन बसलेला.

‘या टेलर, या! तुमच्यावर पुस्तक निघालं.’

‘माह्यावर नाही बे, माह्या बायकोचं निघालं.’

‘बायकोचंच. पण आतमध्ये उभे तुम्ही. आयका.’ आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, ‘‘दार त्यानंच उघडलं हे खरं. पण मग तो जन्मभर दारातच उभा राहिला.’’

दुसरा म्हणे, ‘मीच शिकवली हो, मीच शिकवली!’ माझा आवाज काढून. सारे हसले. चहावालाही हसला. त्याच्या पोराच्या लग्नाचा सफारी मीच शिवला होता.

मी चहा तसाच ठेवला आणि घरी आलो. ती वह्या तपासत बसली होती. मी विचारलं नाही, भांडलो नाही. पुस्तकात ती गोष्ट शोधली. पासष्ट ते बहात्तर, आठ पानं, म्हणजे चार कागद. लोखंडी पट्टी घेतली, ब्लेड घेतलं. पान मुळापासून कापलं तर बांधणी ढिली होते, हे मले शिवणकामावरून समजे. म्हणून कापडात शिलाईपुरतं सोडतो तसं अर्धं बोट सोडून कापलं. अनुक्रमणिकेत त्या गोष्टीचं नाव होतं, त्याच्यावर पांढऱ्या कागदाची चिठ्ठी डिंकानं चिकटवली. चारशे नव्वद प्रती. चार दिवस दुकान बंद ठेवलं. बायकोच्या नोकरीच्या साऱ्या वर्षांत जे केलं नव्हतं, ते तेव्हा केलं. काम साफ झालं. एकही पान फाटलं नाही, याचा मले तेव्हा अभिमान वाटला.

ती समोर बसून वह्या तपासे. चौथ्या दिवशी फक्त म्हणाली, ‘झालं का?’

झालं नव्हतं. बाहेर दहा प्रती होत्या. मी सायकल काढली आणि एकेका मास्तराच्या दारी गेलो. छपाईत चूक झाली, दुरुस्त करून आणून देतो, असं सांगून नऊ प्रती परत आणल्या, कापल्या आणि परत नेऊन दिल्या. कोणी काही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात तिले त्याच नऊ माणसांत जाऊन बसायचं आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दहावी प्रत अमडापूरच्या मोठ्या बाईंपाशी होती. त्या तिच्या शाळेच्या मुख्याध्यापक. दारातूनच म्हणाल्या, ‘भाऊजी, हरवलं हो ते.’

त्यानंतर ती अकरा वर्षं नोकरीत होती. तांदूळ मोजला, याद्या केल्या, पोरं शिकवली. गोष्ट लिहिली नाही. तपासलेले पेपर शाळेतच ठेवून ये. एकदा मीच म्हणलं, ‘लिही न काही. रिटायर झाली, आता टाइम आहे.’ ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘कशाले? कापाले?’

दोन वर्षांमागं ती गेली.

ती गेल्यावर मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचायले घेतलं. बोट ठेवून वाचतो, एका गोष्टीले आठ-पंधरा दिवस जातात. तिचं बोलणं घरात ऐकू येते असं वाटे, म्हणून घाई करत नव्हतो. चौसष्टपर्यंत आलो. पुढचं पान त्र्याहत्तर. मधात माझी अर्ध्या बोटाची पट्टी. मी तिच्या अकरा गोष्टींतल्या दहा वाचू शकत होतो आणि अकरावी जगात कुठं नव्हती. कापलेले कागद मीच बंबात घातले होते. प्रेसवाल्याकडं गेलो. त्याचा पोरगा म्हणे, ‘काका, ते कॉम्प्युटर भंगारात जाऊन जमाना झाला.’

मंग अमडापूरले गेलो. मोठ्या बाई अंगणात पापड वाळवत होत्या.

‘भाऊजी! तुम्ही इकडं?’

‘ते पुस्तक. हरवलं म्हणाल्या होत्या. सापडलं का म्हणून आलो.’

‘हरवलं नव्हतंच,’ बाई म्हणाल्या. ‘खोटं बोलले होते मी.’

‘मले देता का?’

‘नाही.’

‘दोन घंट्यांसाठी द्या. झेरॉक्स काढतो आणि परत देतो.’

‘पुस्तक घराबाहेर जाणार नाही. तुमचा भरवसा नाही मले. वही घेऊन या, इथं बसून उतरवून घ्या.’

‘मोबाईलनं फोटो तरी...’

‘फोटो नाही. हातानं लिहा.’

‘मी काय चौथीतलं पोरगं हाओ का?’

‘चौथीतलं पोरगं दोन दिवसांत उतरवते. तुम्हाले जास्त लागतील.’

मी उठून आलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, बाई मले शिक्षा देते! आठ दिवस ताठ्यात काढले. नवव्या दिवशी दुरेघी वही विकत घेतली आणि अमडापूरची गाडी धरली.

तेरा खेपा झाल्या. त्यांच्या ओसरीवर बसे, बाई पुस्तक उघडून समोर ठेवत आणि स्वतः बाजूले तांदूळ निवडत बसत. मले वाटलं होतं, गोष्टीत माझी उणीदुणी असतील. शिवी असेल कुठंतरी. एकही नव्हती. त्या माणसाच्या डाव्या अंगठ्यावरचे सुईचे वण तिनं लिहिले होते. ते मी कधी कोणाले दाखवले नव्हते. तो चौकटीले हात टेकून दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत राहतो, हिले मी शिकवली. एके सकाळी ती वाकते, त्याच्या हाताखालून निघते आणि शाळेत जाते. घंटा होते. ती फळ्यावर तारीख लिहिते. बस, गोष्ट संपते.

बाईंनीच मले एक सांगितलं. पुस्तकाची एक कापलेली प्रत शाळेच्या वाचनाच्या पेटीत ठेवली होती. एका पोरीनं वर्गात विचारलं, ‘मॅडम, चौसष्टनंतर त्र्याहत्तर काऊन?’ तिनं म्हणे खडू उचलला. मंग फळ्यावर पासष्ट ते बहात्तर लिहिलं आणि पोरांकडून मोठ्यानं म्हणून घेतलं.

शेवटच्या खेपेले बाईंनी लाल पेन घेऊन माझी वही पुस्तकाशी ताडून पाहिली. काना, वेलांटी, सारं. तिसऱ्या पानावर थांबल्या.

‘इथं एक वाक्य राहिलं.’

‘ओळ चुकली असंन.’

‘कोणतं राहिलं, पाहा.’

मले पाहायची गरज नव्हती. दाराचं ते वाक्य. मी ते मुद्दाम सोडलं की हातानंच सोडलं, आज विचारलं तरी सांगता येणार नाही. बाईंनी वही माझ्याकडं सरकवली. ओळींमध्ये जागा कमी होती. बारीक अक्षरात लिहिलं.

बाईंनी खाली सही केली, चष्मा काढला. ‘आता हे छापणार?’

‘हाव. पुस्तक पुरं करून छापतो.’

‘भाऊजी, एक विचारू? अकरा वर्षं नोकरीत, मंग सहा वर्षं घरी. ती होती तेव्हा काऊन नाही आले माझ्याकडं?’

मी वही पिशवीत ठेवली. खोटं सांगता आलं असतं, पण तेरा दिवस ज्या बाईच्या हातचा चहा प्यालो, तिच्यापाशी जीभ वळली नाही.

‘मी वाट पाहत होतो. वाटे, ती अगोदर बोलन.’

‘काय बोलन?’

‘तिचं चुकलं म्हणून.’

बाईंनी लाल पेनाले टोपण लावलं. मंग त्या तांदळाचं सूप उचलून आत गेल्या, आणि मी चपला घालून स्टँडवर आलो.