दोघांची धावपट्टी

शिरपूरहून वाशिमला येताना एसटीत शेजारी एक भाजीवाले शेतकरी काका होते. मांडीवर मेथीची टोपली, आणि तिच्यावरचं ओलं फडकं ते सारखं सरळ करत. पायलट व्हायला गेलेल्या मुलीला ते नुकतेच भेटून आले होते.

"धावपट्टी फौजेची अन् शिकनाऱ्यायची एकच. फौजेचं विमान आलं का पोरीले आभायात घिरट्या घालत थांबा लागते. म्हनलं, राग नाही येत? म्हने, बाबा, पट्टी दोघायची हाय."

तेवढ्यात घरून फोन आला. सामायिक विहिरीवर आज पाळी यांची, पण भावाची मोटर अजून चालूच होती. याच पाळीवरून मागं आपणच भावाच्या मोटरची वायर तोडल्याचं त्यांनी मला मघाशी सांगितलं होतं.

त्यांनी फडकं सरळ केलं.

"चालू दे त्याची," ते फोनवर म्हणाले. "आपन थांबू."