बदामीच्या कमानीखालची चूल

धोंडीराम गेल्याचा फोन मिरजेहून आला तेव्हा मी आष्ट्याच्या शाळेत नववीच्या पेपरांचे गठ्ठे बांधत होतो. सुतळी हातातच राहिली. तेराव्याला त्याच्या घरी गेलो. हिरावहिनी, त्याची बायको, रडत नव्हत्या. जवळ येऊन एवढंच म्हणाल्या, "मास्तर, बदामीची दगडं सोडवायची ऱ्हायल्यात."

धोंडीराम आमच्या शाळेचा शिपाई, जतकडच्या मेंढपाळ घरातला. मी भूगोल शिकवणारा. बदामीजवळच्या माळावर वाऱ्यापावसानं कोरलेली वालुकाश्माची कमान आहे. ती बघायची हौस माझी, पण उघड्यावर मुक्काम कसा करायचा हे ठाऊक त्याला. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नवाकोरा तंबू नेला, तो घोंगडी पसरून बाहेर झोपला. पहिल्याच संध्याकाळी त्यानं सवयीनं ओढ्यातले तीन दगड आणून चूल मांडली. आपल्याकडचा काळा दगड कितीही तापवा, हूं की चूं करत नाही. तिथला तांबूस दगड पाणी प्यायलेला. फटकन फुटला आणि भात मातीत! ते मला कळायला हवं होतं. धोंडीराम पोट धरून हसला. "मास्तर, तुमचं पुस्तक कवा उघडायचं म्हनायचं?" मग कमानीच्या आडोशाचे कोरडे दगड शोधले.

त्याच्या घरची एक रीत होती. मुक्काम हलवताना चुलीचे दगड सोडवायचे, म्हणजे उचलून जिथले तिथं ठेवायचे. परत यायचं नसेल तर चूल मांडलेली ठेवायची नाही. आम्ही दर हिवाळ्यात जायचो आणि निघताना तो ते न चुकता करायचा. चार वर्षांपूर्वी मात्र त्यानं दगड तसेच ठेवले. "म्होरल्या साली हिराला आनायची हाय. मग कशाला सोडवायचं?" पुढच्या साली माझ्या मुलीचं लग्न निघालं, मग घराचं बांधकाम, मग माझे गुडघे... दर वेळी मीच म्हणालो, बघू. तो एकदाही रागावला नाही, याचाच मला आता राग येतो. तो नाही, आणि मला रोज तिकडे जावंसं वाटतं.

गेल्या आठवड्यात वहिनींना घेऊन गेलो. दगड होते, मध्ये गवत माजलेलं. मी पहिला उचलायला वाकलो, तोच त्या म्हणाल्या, "आवं, थांबा की. एवढं लांब आलोय. आदी च्या तरी ठेवू." गवत उपटून त्यांनी जाळ केला आणि कमानीकडं बघत बसल्या. "लय सांगायचं हिचं. मला वाटायचं, वाढवून सांगत्यात."

चहा झाला. जाळ विझवून त्यांनी दगडाला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"तापल्यात अजून. निवू द्या."

परतीची गाडी साडेपाचची होती. दगड लवकर निवू नयेत, एवढंच मला वाटत होतं.