रांग कुणाच्या दारात

"आधी रांग कुणाच्या दारात लागलीय ते बघू," असं म्हणत आमच्या सोसायटीतले काका चष्मा वर सरकवायचे आणि पोराचा ताप बघावा तसा हात त्या खोक्याला लावायचे.

तुमच्याही सोसायटीत असा एक माणूस असेल, आठवून बघा. लिफ्ट बंद पडली की त्याची आठवण येते आणि चालू झाली की येत नाही.

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीला इंटरनेटची लाईन एकच. ती लाईन आणि आमची घरं यांच्यामध्ये, मीटरच्या खोलीत, काकांनी लिनक्स घातलेला जुना कॉम्प्युटर बसवला होता, तोच तो खोका. फायरवॉल म्हणे. कुणाचं आधी सोडायचं आणि कुणाला थांबवायचं, ते तो बघायचा. काकांचा नियम साधा होता: बोलणं आधी, सिनेमे नंतर. निम्म्या घरांतली मुलं परदेशात, संध्याकाळी सगळ्यांचे व्हिडिओ कॉल.

लाईनचा वेग ते मुद्दाम जरा कमीच ठेवायचे. त्यावरून मीटिंगमध्ये रणकंदन. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, आपण आपल्याच नळाला बोळा कोंबतोय, धन्य आहे. काका शांतपणे म्हणाले, "पूर्ण सोडलं तर डेटाची रांग कंपनीच्या दारात लागते. तिथे माझं कोण ऐकतंय? आपल्या दारात लागली तर मी नंबर तरी लावू शकतो." कुणाला काही कळलं नाही. मी सेक्रेटरी, म्हणून मान डोलावली.

मग काकू आजारी पडल्या. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा काय ते सगळे समजले. मुलगा कॅनडात, त्याला तिकीट मिळालं ते परवाचं. काकूंचं एकच चाललं होतं, त्याला बघायचंय.

त्या संध्याकाळी कॉल लागला आणि मुलाचं चित्र अडकलं. काका खाली धावले, मी बॅटरी घेऊन मागे. त्यांनी वेग कमी करून पाहिला, आणखी कमी केला. काही उपयोग नाही. कंपनीला फोन लावला, तर तिथली बाई म्हणाली, एकदा बंद करून चालू करा.

मला राहवेना. म्हटलं, "काका, आजचा दिवस तुमचं घर पुढे घ्या. कोण विचारतंय?"

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी वेगळा नियम केला नव्हता. तो त्या दिवशी केला. एक ओळ लिहिली: सगळ्यांच्या आधी त्यांचं घर.

वर आलो. स्क्रीनवर मुलगा तसाच, डोळे अर्धवट मिटलेले. आवाज मात्र तुटक तुटक येत होता. "आई, तू दिसतेयस मला. अगदी स्वच्छ दिसतेयस." काकू त्या थांबलेल्या चेहऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या.

काका दारातच उभे होते. हळूच मला म्हणाले, "आपलं जाणारं नीट जातंय हो, सेक्रेटरी. येणारं तिकडे कंपनीच्या दारात अडकलंय. तिथे माझा हात पोचत नाही."

इतकं असहाय मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी मूर्खासारखा हातातली बॅटरी चालू-बंद करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी काकू गेल्या. मुलगा पोचला तो त्यानंतर. जाताना काकांना घेऊन गेला.

परवा नेट फारच रखडायला लागलं, म्हणून खराडीला आयटी कंपनीत नोकरी करणारी आमची एक शेजारीण त्या खोक्यात डोकावली. म्हणाली, एका बंद फ्लॅटला सगळ्यांच्या आधी नंबर दिलाय, काढून टाकू का?

म्हटलं, राहू दे.

"अहो, पण तिथे कोणीच नाहीये."

"म्हणूनच कुणाचं काही अडत नाहीये. राहू दे."