चिमणी बोलेपर्यंत

त्यांचं खरं नाव सांगायचं तर खुद्द बायकोलाही क्षणभर आठवावं लागलं असतं. सगळी आळी त्यांना टिचकीकाका म्हणायची, कारण हा माणूस दिसेल त्या वस्तूला टिचकी मारायचा. दार, टेबल, कलिंगड, बँकेचा काउंटर, काही म्हणून सुटायचं नाही. होणाऱ्या जावयाच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा सोफ्याच्या लाकडी हातावर टिचकी मारून "आतून पोकळ आहे" असं खणखणीत बोलले, आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, हातातला कप हिंदकळला. त्यांना वाटलं, हे मुलाबद्दलच बोलतायत.

तर हे टिचकीकाका गिटार बनवायचे. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. रस्त्याकडे एक मोठी खिडकी, खिडकीखाली कामाचं बाक, भिंतीवर टांगलेल्या गिटारी आणि जिकडेतिकडे लाकडाच्या ढलप्या. वर्षाला मोजक्याच गिटारी व्हायच्या, पण व्हायच्या त्या चोख. गिऱ्हाईक नवी गिटार घेऊन निघालं की काका दारापर्यंत पोचवायला यायचे आणि ठरलेलं वाक्य बोलायचे, "आत्ता ऐकताय तो हिचा खरा आवाज नव्हे. वीस वर्षं वाजवा आणि मग मला येऊन सांगा." एखादा शहाणा वाद घालायचा, की लाकूड काही शिकतबिकत नाही, आपल्याच कानाला सवय होते आणि जुनं ते गोड लागतं. काका त्याचं सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं. तुम्ही आपली प्लॅस्टिकची घ्या."

त्यांचा हिशेब साधा होता. लाकूड वाळत जातं, हलकं होतं, रोजच्या थरथरीनं त्याचा आखडलेपणा जातो. नवी गिटार चारचौघांत बुजते, जुनी मोकळी बोलते. मात्र एक अट. वरची फळी आणि तिला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या बेतशीर हव्यात. जाड राहिल्या तर गिटार जन्मभर घुमी. फार पातळ झाल्या तर पहिली काही वर्षं असली झकास वाजते की विचारू नका, आणि मग तारांच्या ओढीनं तिचं पोट फुगतं, छाती खचते आणि खेळ आटोपतो. तिला म्हातारपण बघायला मिळतच नाही.

हा बेत काका मापानं नाही, कानानं काढायचे. गिटारीला तारा चढवायच्या, सगळ्यांत बारीक तारेवर पार खाली, फळीतल्या गोल भोकाजवळ, बोट नुसतं टेकवायचं आणि नखानं छेडायचं. सुईच्या टोकासारखा बारीक सूर निघतो. त्याला काका चिमणी म्हणायचे. चिमणी बोलली नाही, तर तारा सैल करायच्या, भोकातून हात घालायचा आणि आतल्या पट्ट्या पटाशीनं जराशा तासायच्या. पुन्हा तारा, पुन्हा चिमणी. ती बोलली की पटाशी खाली. त्यानंतर देव आला तरी काका एक ढलपी काढायचे नाहीत. लेकीलाही लहानपणी त्यांनी गिटार शिकवली ती चिमणीपासूनच.

त्या दिवशी सकाळी मास्तर आले. मास्तर म्हणजे शाळेतले संगीतशिक्षक, आणि काकांचं पहिलंवहिलं गिऱ्हाईक. काका तेव्हा नवशिके, मास्तरांच्या मिशीलाही नुकताच आकार आलेला. तीच गिटार घेऊन ते दारात उभे होते. आता त्यांची निवृत्ती आली होती, शाळेत निरोपाचा कार्यक्रम होता आणि त्यात ते ही वाजवणार होते.

"नव्या तारा घाला," मास्तर म्हणाले. "वीस वर्षांनी येऊन सांगा म्हणाला होतात. मला जरा उशीरच झाला."

"मग? कशी झालीय?"

"मी नाही सांगणार. तुम्हीच ऐका. उद्या येतो न्यायला." आणि मिशीतल्या मिशीत हसत गेलेसुद्धा.

काकांनी गिटारीवर हात फिरवला. रंग मधासारखा झाला होता. वाजवणाऱ्याचा हात टेकून टेकून एका जागी पॉलिश उडालं होतं. माहेरी आलेल्या पोरीकडं बघावं तसे ते थोडा वेळ नुसते बघत बसले. मग नव्या तारा चढवल्या, सूर जुळवले आणि हात मारला.

काहीच नाही. म्हणजे आवाज आला, पण घोंगडीखालून आल्यासारखा. खालचे सूर तेवढे घुमले, वर काही उमटलंच नाही. काकांनी सूर पुन्हा तपासले, ते जुळलेलेच होते. त्यांनी फळीवर टिचकी मारली. ठप. शेवटी बारीक तारेवर बोट टेकवून चिमणी छेडली. ती मुकीच.

आता भीती वाटण्यासारखं यात काय, असं कुणी म्हणेल. एक जुनी गिटार बिघडली, एवढंच ना? पण काकांनी जन्मभर ज्याला त्याला शब्द दिला होता की ही म्हातारी होईल तशी गोड होईल. त्या शब्दावर लोकांनी गिटारी नेल्या होत्या, आणि तो खरा ठरवायला सगळ्यांत आधी परत आलेली ही. तीच मेलेली निघाली तर बाकीच्या किती मेल्या असतील? त्यांनी गिटार उजेडात धरली. तारा जिच्यावर बांधतात ती घोडी उचलली गेलीय का बघितलं, नाही. पट्टी सुटलीय का बघायला आरसा घालून पाहिलं, सगळं जिथल्या तिथे. दोष सापडला असता तर बरं वाटलं असतं. आजारच नाही आणि रोगी बोलत नाही, हे काही खरं नव्हतं.

मग त्यांनी भिंतीवरची सगळ्यांत नवी गिटार काढली आणि शेजारी वाजवून बघितली. तिची चिमणी कशीबशी का होईना, बोलली. म्हणजे दोष जुनीतच. काकांनी जुनीच्या तारा सैल केल्या, पटाशी घेतली आणि भोकातून हात आत घातला. इतक्या वर्षांच्या लाकडाला नव्यानं पटाशी लावायची, म्हणून आधी बोटांनी पट्टी चाचपली.

तेवढ्यात काकू हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, ती नवी ठेवा बघू भिंतीवर. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाजतेय. डोकं उठलं माझं." मग बाकाकडं बघून त्यांचा आवाज मऊ झाला. "त्याआधी वाजवत होतात ती हीच ना? मास्तरांची? काय सुरेख झालीय हो. तुमची चिमणी तर अशी बोलली, मला आत भांडी घासताना ऐकू आली."

काकांचा हात गिटारीच्या पोटातच राहिला.

"चिमणी बोलली?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय. तुम्हीच तर वाजवलीत."

काकू आत गेल्या. काकांनी पटाशी अशी हळूच बाहेर काढली, की जणू आत कुणी झोपलंय. आणि मग एकेक आठवायला लागलं. चहाची किटली शिट्टी वाजवत नाही म्हणून त्यांनी बदलून आणली होती, नवीही वाजेना. दारावरची बेल बिघडली म्हणून दोनदा माणूस बोलावला होता, आणि तो दोन्ही वेळेला त्यांच्याकडं विचित्र बघून गेला होता. टीव्हीवरून काकूंशी रोजची भांडणं, हळू कर, मोठा कर. घर मेलं मोडकळीला आलंय, असं ते म्हणायचे. घर धडधाकट होतं. मोडकळीला त्यांचे कान आले होते.

इथवर आले तेव्हा काकांना वाटलं, संपलं, याहून वाईट काही नाही. पण भीतीचं तसं नसतं, एक पायरी उतरलं की खाली दुसरी असतेच. त्यांची नजर शेजारच्या नव्या गिटारीवर गेली.

चिमणी बोलेपर्यंत तासायचं. कुणाला बोलेपर्यंत? त्यांना. जगाला ती केव्हाच बोललेली असायची, आणि हे आपले आणखी तासतायत, आणखी तासतायत. किती वर्षं चाललं असेल हे? दोन, तीन? त्या काळातल्या सगळ्या गिटारी पातळ. आणि त्यांतली एक लेकीची. तिनं घरात शिकवणी सुरू केली तेव्हा त्यांनी मुद्दाम बनवून दिली होती. तिला आठवडाभर तासत बसले होते, कारण चिमणी काही केल्या बोलत नव्हती.

मास्तरांच्या गिटारीला त्यांनी पुन्हा सूर लावले आणि ती पेटीत बंद केली. शर्टाच्या आत मापाची स्टीलची पट्टी सरकवली आणि आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाले, "लेकीकडे जाऊन येतो."

"आत्ता? पान वाढायच्या वेळेला?" काकूंनी विचारलं, पण काका पायरी उतरले होते.

रस्ता रोजचाच, पण आज त्याची भीती वाटत होती. काय वाजतंय आणि आपल्याला कळत नाहीये, कोण जाणे. एक सायकल अंगाला घासून गेली आणि सायकलवाला मागं वळून चिडून म्हणाला, "काका, घंटी कशाला असते?" भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खरं. कोपऱ्यावरच्या मुलींच्या चंबू केलेल्या ओठांतून शिट्टी निघतेय की त्या नुसत्याच हसतायत, हेही त्यांना कळेना. ते भिंतीकडेनं चालत राहिले आणि मनात एकच घोकत राहिले, तिची तरी वाचलेली असू दे.

लेक दुसऱ्या मजल्यावर राहायची. सकाळची शिकवणी संपून ती सतरंज्या गोळा करत होती.

"बरं झालं आलात बाबा. तुम्हाला बोलावणारच होते. हे ऐका आधी." तिनं गिटार घेतली आणि बसून वाजवायला लागली. काकांना खालचा घुमार ऐकू आला, मोठा, भरदार, जरा जास्तच भरदार. "बघितलंत? हल्ली काय खुललीय. तुम्ही म्हणायचात वीस वर्षं लागतात, हिनं तर बाई कमालच केली. परवा एक पालक म्हणाले, ही गिटार मला विका."

तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की काकांना रडू यायला लागलं. पातळ झालेली गिटार जाण्याआधी अशीच बोलते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"इकडे दे," ते म्हणाले. गिटार मांडीवर आडवी ठेवून त्यांनी पट्टी फळीवर उभी धरली आणि खिडकीच्या उजेडाकडं डोळा लावला. घोडीमागं फळी फुगली होती. घोडीपुढं, भोकापाशी, पट्टीखालून उजेडाची फट दिसत होती. छाती खचली होती.

"बाबा, हे काय चाललंय?"

"तारा उतरव हिच्या."

"का?"

"आतून जास्त तासली गेलीय. खचतेय. ओढ अशीच राहिली तर एक दिवस तुझ्या मांडीवर फाटेल."

"तुमच्या हातून जास्त तासली?" ती हसायलाच लागली. "काहीतरीच. चिमणी बोलल्यावर तुम्ही एक ढलपी काढत नाही. मी लहानपणापासून बघतेय."

काकांना नेमकं काय सांगायचं ते माहीत होतं. वाक्य छोटंसं होतं. पण ते बोललं की पुन्हा पटाशी हातात धरता येणार नव्हती, मास्तरांसमोर, कुणासमोर. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात अजून वाटत होतं, काकूंना भास झाला असेल. ही तर इतकी पातळ झालीय, हिची तरी ऐकू येईल.

"थांब," ते म्हणाले. "उतरवायच्या आधी एकदा चिमणी वाजव."

लेकीनं मांडी नीट घातली. तारेवर बोट टेकवलं. काका जवळ सरकले, मान वाकवून कान अगदी भोकापाशी नेला आणि श्वास धरून बसले. खाली कुणीतरी खुर्ची सरकवली, ती ऐकू आली. स्वतःच्या छातीची धडधड ऐकू आली. त्यांना वाटलं, पोरगी जागा शोधतेय, लहानपणीही तिला ती चटकन सापडायची नाही.

"वाजव ना गं," ते म्हणाले.

लेकीचं हसू मावळलं होतं. तिचं नख तारेवरून पुन्हा एकदा फिरलं आणि ती वडिलांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"वाजवतेच आहे बाबा," ती म्हणाली.