अकराव्या मजल्यावरचा दुष्काळ

सिंगापुरात दुष्काळ पाडून दाखवणारा एकच माणूस आहे आणि तो आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. ज्या बेटावर सकाळी वाळत घातलेले कपडे संध्याकाळी पुन्हा पिळावे लागतात, कोपऱ्यात ठेवलेल्या चामड्याच्या चपलेला आठवड्यात बुरशी येते, रस्त्याकडेच्या झाडांच्या अंगावर दुसरी झाडं उगवतात आणि त्यांच्या अंगावर तिसरी, तिथे या गृहस्थांनी पुंगोलमधल्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर, कॉरिडॉरमध्ये, चांगला सहा महिने टिकणारा कडक उन्हाळा तयार केला होता. मी हे ऐकीव सांगत नाही. आमचा टेबलफॅन त्या कामावर होता.

समोरचे काका मूळचे दुष्काळी जत तालुक्यातले. सिंगापुरात येऊन तीस वर्षं झाली तरी पावसाशी त्यांचं जमलेलं नाही. आभाळ गडगडलं की आम्ही सगळ्या बायका बांबूवरचे कपडे आत ओढायला धावतो, काका मात्र कठड्याशी हात मागे बांधून उभे राहतात आणि धो धो पावसाकडे बघत म्हणतात, "चाललं वाया. सगळं समुद्रात!" जणू नळ कुणीतरी उघडा टाकून गेलंय. निवृत्तीआधी ते जहाज दुरुस्तीच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. वेल्डिंगचे सांधे तपासायचे आणि त्यावर कागदी टॅग लावायचा: हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास, पिवळा म्हणजे फेरतपासणी. नोकरी सुटली, टॅगांची खोकी घरी आली, आणि तेव्हापासून आमच्या मजल्यावर कुणाचीही सुटका नाही. माझ्या पुरणपोळीला पिवळा मिळाला, "कड कच्ची" या शेऱ्यासह. माझ्या सात वर्षांच्या मुलीनं त्यांचं चित्र काढून दिलं तर त्यालाही पिवळा, कारण चष्म्याच्या दोन काचा सारख्या नव्हत्या. "आजोबा, यू सो स्ट्रिक्ट ला!" असं तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणून तिनं ते चित्र परत आणलं आणि काच दुरुस्त करून दिली. दुष्काळ पाडण्याआधीच्या आठ वर्षांत त्यांच्याकडून हिरवा टॅग मिळालेला मला फक्त दोघांना माहीत आहे: काकूंचा प्रेशर कुकर आणि चांगी विमानतळ. विमानतळाला अर्थात तोंडी.

या कडकपणामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते एका ओळीचं होतं: "लाड केले की मूळ वर राहतं." पाणी मिळत राहिलं की झाड खाली शोधायला जात नाही आणि पहिल्या उन्हाळ्यात आडवं होतं, नाही मिळालं की मूळ खोल जातं. त्यांच्या वडिलांच्या बांधावर एक बोर होती. तिला कधी कुणी थेंब घातला नाही आणि तरी फांद्या मोडेस्तोवर लगडायची. ही बोर काका कुठल्याही विषयात आणत. आमच्या ह्यांना ऑफिसात बढती मिळाली नाही तेव्हा ते सांत्वनाला आले होते आणि दीड तास बोरीबद्दल बोलून गेले.

आपल्या एकुलत्या एका मुलीला, मानसीला, त्यांनी असंच कोरडवाहू वाढवलं. हा शब्द माझा नाही, काकूंचा आहे. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तिला आठ विषयांत सगळ्यात वरची श्रेणी मिळाली, तर काकांनी विचारलं, "विषय नऊ होते ना?" मानसी शिकली, फिजिओथेरपिस्ट झाली आणि नोकरी घेऊन ऑस्ट्रेलियात पर्थला गेली. मूळ खोल गेलं होतं यात वाद नाही, फक्त ते आता दुसऱ्या देशात होतं. महिन्यातून एखादा फोन यायचा, तो काकूंना. पर्थचं आणि सिंगापूरचं घड्याळ एकच, विमानाला पाच तास. 'इथे दिवस तेव्हा तिथे रात्र' ही परदेशातल्या मुलांच्या आईबापांना मिळणारी सोयीची सबबसुद्धा या बापलेकीला नव्हती.

आणि एका मार्चमध्ये मानसीनं फोनवर आईला सांगितलं, "बाबांना दे." काकू सांगतात की त्यांनी घाबरून कणकेच्या हातानंच फोन पुढे केला. मानसीनं तिथे एक छोटं घर घेतलं होतं आणि अंगणातली हिरवळ पहिल्याच उन्हाळ्यात करपून गेली होती. "बाबा, इथे पाऊस थंडीत पडतो. उन्हाळ्यात चार-पाच महिने थेंब नाही. जमीन म्हणजे नुसती वाळू. तुम्ही सांगा, काय लावू?"

शाळेच्या भूगोलात आपण भूमध्य सागरी हवामान पाठ करतो, ते हे. पण काकांना त्यात जत दिसलं. तीस वर्षं जे ज्ञान या भिजक्या बेटावर कुणाला फुकट नको होतं, ते लेकीनं आपण होऊन मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे. चेहरा असा की मला वाटलं नातू झाला. "रोपं आणायला जायचंय. ट्रॉली आहे ना तुमच्याकडे?"

रोझमेरी, लॅव्हेंडर, ऑलिव्ह, बोगनवेल, डाळिंब आणि आणखी दोन-तीन झुडपं अशी पलटण आली. पर्थचा नर्सरीवाला मानसीला सांगत होता की रोपं आत्ताच, थंडीचा पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर लावून टाक. काकांनी ते उडवून लावलं. "टेस्ट केल्याशिवाय माल बाहेर जात नाही." रोपं मानसी तिथेच विकत घेणार होती, कुठली घ्यायची ते पुंगोलमध्ये ठरणार होतं. मग दुष्काळाची उभारणी सुरू झाली. वाऱ्याबरोबर पाऊस आत येतो म्हणून कठड्याला प्लास्टिकचा पडदा. जाण्यायेण्याची वाट मोकळी राहायला हवी म्हणून रोज टेप लावून मोजणी. वाळवंटावरून येणारे गरम वारे हवेत, म्हणून आमचा टेबलफॅन. आणि हवा दमट, तिचं काय करायचं? तर कपाटात ठेवतात ते ओल शोषणारे प्लास्टिकचे डबे काकांनी डझनावारी आणले आणि प्रत्येक कुंडीभोवती चार-चार मांडले. रोझमेरीभोवती ते डबे आणि मध्ये ती बिचारी, गुन्हा कबूल करवून घ्यायला बसवल्यासारखी. डेंग्यूच्या डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरणारे तपासनीस आले, त्यांनी बॅटरीच्या उजेडात कुंड्यांखालची एकेक ताटली पाहिली आणि त्यातला पोरगेला तपासनीस म्हणाला, "वा, अंकल! सो ड्राय! बेस्ट कॉरिडॉर!" काका पुढचे चार दिवस जमिनीवर नव्हते.

रोपं मात्र जमिनीला टेकत होती. पहिली तुकडी बारा दिवसांत गेली, दुसरी पंधरा. लाल टॅग, लाल टॅग, लाल टॅग. तिसऱ्यांदा नर्सरीत गेलो तेव्हा तिथल्या चिनी आंटीनं, जी सत्तरीची असावी आणि एकटीनं खताच्या गोण्या उचलत होती, काकांना हटकलंच. "अंकल, यू एव्हरी मंथ बाय सेम सेम. व्हाय ऑल डाय?" काकांनी आपली पद्धत समजावली. आंटीनं हातातली झारी खाली ठेवली. "अय्यो अंकल, बेबी प्लांट ला! बेबी मस्ट ड्रिंक फर्स्ट. ग्रो अप ऑलरेडी, देन नो नीड." परतीच्या वाटेवर काका धुमसत होते. "झाडं विकायची असतात यांना. म्हणून लाड शिकवतात."

तिसरी तुकडी मात्र टिकली. एक महिना, दोन महिने, ऐन ऑगस्टातही ताजी टवटवीत. काकांनी सात झाडांना हिरवे टॅग लावले, मला बोलावून दाखवले, आणि सप्टेंबरात मानसीला यादी पाठवली. खाली मोठ्या अक्षरात सूचना: पंधरा दिवसांतून एकदाच पाणी. माना टाकल्या तरी मध्ये घालायचं नाही. मानसीनं तंतोतंत तशी झाडं लावली आणि फोटो पाठवला. काकांनी तो मोठा करून करून पाहिला आणि कळवलं, "तिसरं रोप तिरकं आहे."

ऑक्टोबरात डासवाले तपासनीस पुन्हा आले. मी दार उघडंच ठेवून भाजी निवडत होते. त्याच पोरगेल्या तपासनिसानं बॅटरी मारली आणि थबकला. "अंकल, धिस वन गॉट वॉटर." मग पुढची ताटली. "धिस वन ऑल्सो." सातही ताटल्यांत पाणी होतं. त्यानं दटावल्यासारखं करून पाणी ओतून टाकलं आणि गेला. काका कुंड्यांकडे बघत उभे. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "मी पाणी घातलं नाही. फुलपात्र विसळलं."

"रोज पाच वेळा विसळतात," काकू आतून म्हणाल्या. त्या बाहेर आल्या. हसत होत्या, पण पदरानं हात पुसत राहिल्या, कोरडे झाले तरी. "माना टाकलेल्या बघवत नाहीत ह्यांना. सकाळी फिरायला जाताना एक फुलपात्र, आल्यावर एक. मी बघते ना." मग आवाज बदलला. "बरं झालं. झाडांना तरी घातलंत. माझ्या पोरीला नाही कधी एवढं घातलं."

भाजी माझ्या हातात तशीच राहिली. त्या संध्याकाळी काकांनी गावी थोरल्या भावाला फोन लावला आणि बोरीबद्दल विचारलं. नंतर मला त्यांनीच सांगितलं, कठड्याशी उभं राहून, माझ्याकडे न बघता. "दादा म्हणाला, आईनं दोन उन्हाळे डोक्यावरनं घागरी आणून घातल्या तिला. मी तेव्हा रांगत होतो. मी बघितली ती मोठी झालेली बोर. मला वाटलं, ती जन्मतःच तशी."

"मग मानसीला सांगा ना," मी म्हणाले. "उन्हाळा तोंडावर आलाय तिथे."

"काय सांगू? परीक्षाच खोटी होती म्हणून?" ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका कागदावर लिहून लटकवल्या, त्याला स्वतःची एक चूक तोंडानं सांगता येईना. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. इथे पावसाची झोड उठली होती आणि काका दिवसभर मोबाईलवर पर्थचं तापमान बघत. अडतीस. एकोणचाळीस. मला लिफ्टमध्ये भेटले की "नमस्कार" ऐवजी आकडाच सांगत. ती झाडं गेली असती तर पुन्हा आणता आली असती. पण मानसीनं आयुष्यात एकदा बापाला विचारलं होतं. ते उत्तर वाळून गेलं तर ती पुन्हा विचारेल का, हा घोर होता. तो त्यांना खात होता आणि खरं सांगायचं तर मलाही.

जानेवारीतला रविवार होता, सकाळचे आठ. काकूंनी साबुदाण्याची खिचडी दिली म्हणून मी त्यांच्याकडेच बसले होते. पर्थमध्ये त्या दिवशी एक्केचाळीस होणार होतं. फोन वाजला. काकूंच्या हातात पीठ-तूप काही नव्हतं, तरी त्यांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"बाबा आहेत?" मानसीचा आवाज बाहेर उभं राहून बोलल्यासारखा येत होता. "बाबा, सगळ्यांनी माना टाकल्यात. डाळिंबानंसुद्धा. शेवटचं पाणी घालून नऊ दिवस झाले. पण मी मध्ये पाणी घातलेलं नाहीये हं. तुम्ही लिहिलं होतं तस्संच केलंय."

त्या 'हं'मध्ये चौतीस वर्षांची बाई नव्हती. निकालपत्र पुढे करून उभी असलेली मुलगी होती. काकूंनी तोंडाला पदर लावला.

काकांनी घसा खाकरला. "नळी आहे का जवळ?"

"आहे."

"घाल पाणी. बुडाशी धर, सावकाश. मुरू दे खोल." मग ते फोनकडे वाकले. "माझंच चुकलं, मानसी. पहिले दोन उन्हाळे त्यांना लागतं पाणी. सगळ्यांनाच लागतं. मला ठाऊक नव्हतं."

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "आई, बाबांची तब्येत बरी आहे ना?"

आम्ही हसलो, काकाही हसले, आणि हसता हसता काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरी आहे. तू... नऊ दिवस सांभाळलंस. उन्हात. चांगलं केलंस." आयुष्यात न वापरलेला शब्द माणूस जसा उच्चारतो, अडखळत, तसं त्यांनी ते म्हटलं. फोनमधून पाण्याचा आवाज यायला लागला.

फोन कुणीच ठेवला नाही. ती एकेका झाडाशी थांबत असावी. नळी ओढल्याची खरखर यायची, मग पुन्हा धार. एकदा नाक ओढल्याचाही आवाज आला. खिचडी निवत गेली. वीसेक मिनिटांनी मानसी म्हणाली, "बाबा, दोन राहिलीत अजून. तुम्हाला काम असेल तर ठेवा."

"मला काय काम?" काका म्हणाले. "घाल तू सावकाश. मी आहे."

लॅव्हेंडर त्या आठवड्यात गेलंच, आणि डाळिंबाचं अजून सांगता येत नाही. पण मी उठून निघाले तेव्हा काका फोनच्या आणखी जवळ सरकून बसले होते, आणि काकूंनी मला दार हळू ओढून घ्यायची खूण केली.