वालाच्या शेतात ऐकलेली वीज

तापल्या वाळूत भाताच्या लाह्या फुटाव्यात तशी एक अखंड, कोरडी, हलकी तडतड माझ्या कानांत सुरू झाली आणि मी दचकून हेडफोन सावरत वर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं! पौषातला सूर्य नुकताच डोंगराआड गेलेला, पश्चिमेला केशराची पुसट किनार उरलेली, आणि रोह्याच्या पुढे, माझ्या दिरांच्या शेतात, वालाच्या हिरव्या पानांवर गारवा उतरू लागलेला. मेघाचा कुठे मागमूस नव्हता. तरीही मी ऐकत होते ती वीजच होती.

"आई, ही इथली नाही. समुद्रापलीकडे खूप दूर कुठेतरी आत्ता वादळ चाललंय," मुक्ता म्हणाली.

मुक्ता ही आमची मुलगी, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे वेढे घालून, आभाळातल्या लहरी हेडफोनमध्ये ऐकवणारं हे यंत्र तिने स्वतः केलेलं. पेणला, रामवाडीतल्या आमच्या घरी ते लावलं, तर नुसती विजेच्या तारांची घुरघुर ऐकू आली. म्हणून तारांपासून लांब, या शेतात ती आम्हाला घेऊन आली होती. निमित्त पोपटीचं. वालाच्या कोवळ्या शेंगा पाल्यासकट मडक्यात भरून दीर बांधावर जाळ पेटवत होते.

वीज म्हणजे क्षणभराचं तेज आणि त्यामागून येणारा गडगडाट, एवढीच आजवर माझी समजूत. पण ती कोसळते तेव्हा कानांना न कळणाऱ्या रेडिओलहरीही उसळतात, आणि वातावरणाच्या माथ्यावर विद्युतभारित कणांचं जे विरळ छत आहे त्याला आणि भूमीला आळीपाळीने आपटत त्या समुद्रामागून समुद्र ओलांडतात, हे मुक्ताने सांगितलं तेव्हा मला एकाएकी या जुन्या पृथ्वीविषयी विलक्षण माया दाटून आली. आपण भात लावला, वाल पेरला, लेकरं वाढवली, आणि हे सारं आपल्या डोक्यावरून निमूट वाहत राहिलं! कुणी ऐकावं अशी त्याची अपेक्षा तरी कुठे होती?

पण मुक्ताचा हा खटाटोप माझ्यासाठी नव्हता. तो तिच्या बाबांसाठी होता.

यांचं सारं उमेदीचं आयुष्य धाटावला, एका कंपनीत, मोठमोठ्या यंत्रांच्या घरघरीत गेलं. निवृत्त झाल्यावर घर शांत झालं, आणि त्या शांततेत यांच्या कानांत एक शिट्टी वाजू लागली. ती थांबेचना. डॉक्टरांनी तपासलं, आणि हे जाणार नाही, सवय करून घ्या, म्हणाले. सवय कशाची करायची? आधी यांनी लग्नकार्यं सोडली, मग टीव्ही, मग भावाकडची पोपटीसुद्धा. झोपताना रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये ठेवत. त्याच्या खरखरीत शिट्टी जरा बुजते म्हणत. कसा आवाज येतो, असं मी विचारी, तर "तुला नाय कळायचं" म्हणून कूस बदलत. एका घरात राहून माणूस इतका दूर जाऊ शकतो! ती रेडिओची खरखर ऐकूनच मुक्ताला ही कल्पना सुचली होती. मात्र याने त्रास वाढला तर, ही धाकधूक तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती.

तिने हेडफोन पुढे केले तसे हे तडकले. "आधीच माझ्या कानात गोंगाट कमी हाय काय? मला नको."

"बाबा, एकदाच. नाही सोसलं तर लगेच काढा."

"घे रे दादा," जाळापासून दीर म्हणाले, "पोरीनं येवढी मेहनत घेतली हाय."

यांनी नाइलाजाने हेडफोन चढवले आणि डोळे मिटले. कपाळावरची आठी तशीच होती. अंधारू लागलं. मग यांची मान हळूच कलली.

"हे काय गो मुक्ता? पिल्लू बोलल्यासारखं? टुईं, टुईं?"

"तीच वीज, बाबा. सूर्य मावळला की वरचं छत बदलतं. लांबून येताना तिचे खालचे सूर मागे रेंगाळतात, म्हणून तडतडीचं असं टुईं होतं."

हे ऐकत राहिले. बराच वेळ. मग एकदम डोळे उघडून आमच्याकडे पाहत म्हणाले, "माझी शिट्टी?"

मुक्ताने हेडफोन काढून घ्यायला हात पुढे केला.

"गेली नाय," यांनीच सांगितलं. "पण ह्यांच्यात मिसळली. वेगळी कळत नाय."

आणि हे हसले. किती काळाने! मडकं उपडं झालं, वाफाळत्या शेंगांचा गंध शेतभर पसरला, तरी यांनी हेडफोन काढले नाहीत, एका हाताने शेंगा सोलत, मध्येच "ही मोठी होती!" असं सांगत आमच्यात बसून राहिले.

निघायची वेळ झाली तेव्हा यांनी हेडफोन मुक्ताच्या हातात दिले आणि कानोसा घेतला. "आली परत," म्हणाले. पण आवाजात चीड नव्हती. मुक्ता आणि दीर सामान आवरायला वळले. मी बांधावर बसले होते. हे माझ्याशेजारी येऊन टेकले.

"तुला ऐकायचीय ती?"

मी होकारार्थी मान हलवली. यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि मिटल्या दातांतून एक बारीक, सरळ सूर काढला. छाती रिती होईतो तो तसाच ताणत नेला, दम घेतला, आणि पुन्हा तोच सूर धरला.

"अशी. थांबतच नाय बघ."

इतकी वर्षं हे एकटेच हा सूर ऐकत होते! मी यांचा हात घट्ट धरला.

"अजून ऐकवा," एवढंच म्हटलं.